पत्त्यांची शेजपाळी

भाद्रपद आणि माघ महिन्यांत चिंचवडहून मोरया गोसावींच्या परंपरेतली पालखी मोरगावला येते आणि कऱ्हेकाठचं एरवी निवांत असणारं हे गाव माणसांनी भरून जातं. अष्टविनायकांतला पहिला गणपती इथला, त्यामुळे यात्रेच्या गाड्या वर्षभर येतच असतात. चतुर्थीला त्यांना गणती नसते. हल्ली येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर एक फोन येतो, काहींबरोबर दोन. खोली मिळाली की किल्लीच्या पाठोपाठ वाय-फायचा पासवर्ड मागितला जातो.

अशा दिवशी एखाद्या लॉजच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारी तक्रार असते ती अशी : वाय-फाय दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे, काड्या पूर्ण आहेत, पण फोन नुसता ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं म्हणत गरगर फिरतोय. मालक राउटर बंद करून चालू करतो. कधी थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. नेट देणाऱ्या केबलवाल्याला फोन जातो. तो सांगतो, लाइन चालू आहे. तो खरंच बोलत असतो. बिघाड लाइनमध्ये नसतोच. लॉजमधले पत्ते संपलेले असतात.

इंटरनेटशी बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. पाठवलेली माहिती कुठे पोचवायची आणि उत्तर कुठे परत आणायचं हे त्यावरून ठरतं. घरगुती किंवा छोट्या व्यवसायाच्या जाळ्यात तो बहुधा १९२.१६८.१.२५ असा दिसतो. ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ यांमधला. साध्या राउटरच्या जाळ्यात पहिले तीन आकडे सगळ्यांना सारखे असतात आणि शेवटचा तेवढा बदलतो. म्हणजे २५६ शक्यता. त्यांतला पहिला पत्ता जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, एक खुद्द राउटरचा. उरले २५३. त्यातही अनेक राउटरमध्ये कंपनीने आधीच १०० ते १९९ एवढाच पट्टा वाटपासाठी ठरवलेला असतो. शंभर पत्ते. चतुर्थीच्या सकाळी तेवढे फोन नुसत्या चहाच्या टेबलांभोवती असतात.

पण एका वेळी शंभर फोन नसले तरीही पत्ते संपतात, आणि खरी गंमत तिथे आहे. राउटर पत्ता कायमचा देत नाही, मुदतीवर देतो. ही मुदत बऱ्याच राउटरमध्ये २४ तासांची असते. सकाळी सात वाजता आलेलं कुटुंब दर्शन घेऊन, नाश्ता करून नऊ वाजता सिद्धटेकच्या रस्त्याला लागतं. फोन जाताना ‘पत्ता परत घ्या’ असं सहसा सांगत नाहीत. राउटरच्या वहीत त्या चार-पाच फोनांच्या नावावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत पत्ते अडकून राहतात. दुपारपर्यंत शंभर नावं लिहून होतात. पुढच्याला जागा नाही.

बारामती-इंदापूरच्या माणसाला ही व्यवस्था नवी वाटू नये. नीरा डाव्या कालव्यावर पाणी असंच वाटलं जातं. सगळ्यांना एकदम पाणी देण्याइतका कालवा मोठा नाही, म्हणून शेजपाळी : मागणी अर्ज भरायचा, क्षेत्र आणि पीक पाहून तास ठरायचे, चारीच्या शेपटापासून माथ्याकडे पाळी सरकत यायची. आपली वेळ संपली की दारं बंद, पाणी शेजाऱ्याचं. पाळीपत्रक कुणाकडे आहे आणि ते कसं पाळलं जातं यावर सगळा सलोखा अवलंबून. मोरगाव स्वतः बारामती तालुक्याच्या जिरायती बाजूला, नीरेच्या कालव्यापासून दूर. पण पाळी म्हणजे काय हे तिथल्या माणसालाही समजावून सांगावं लागत नाही. राउटरमध्ये बसलेली पत्ते वाटणारी यंत्रणा, जिला जाणकार डीएचसीपी म्हणतात, ती हेच पाळीपत्रक चालवते. फोन जाळ्यात शिरला की हाक देतो, पत्ता देणारं कुणी आहे का. राउटर म्हणतो, हा घे. फोन म्हणतो, ठीक, हाच घेतो. राउटर म्हणतो, लिहून घेतलं, अमुक वेळेपर्यंत तुझा. चार निरोप, सेकंदाच्या आत. अर्धी मुदत सरली की फोन आपणहून मुदतवाढ मागतो.

लॉजवाल्याचा उपाय त्यामुळे फुकटातला आहे. मुदत २४ तासांवरून एका तासावर आणायची आणि पट्टा वाढवायचा. राउटर चांगल्यातला असेल तर ‘सबनेट मास्क’ २५५.२५५.२५२.० करून २५३ च्या जागी हजारावर पत्ते मिळतात. दोन खिडक्या उघडायच्या, दोन आकडे बदलायचे. नवा महागडा राउटर विकणारा दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

दुसरी तक्रार याच्या उलट जातीची. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र यांचा पत्ता रोज बदलून चालत नाही, कारण बाकीचे त्यांना पत्त्यावरून शोधतात. म्हणून एखाद्या शाळेत ती बसवायला आलेला तंत्रज्ञ त्यांना हाताने पक्का पत्ता घालून देतो, समजा प्रिंटरला १९२.१६८.१.१२०, आणि निघून जातो. हा आकडा राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातलाच आहे हे त्याने पाहिलेलं नसतं. संध्याकाळी शाळा सुटते, प्रिंटर बंद होतो. सकाळी मुख्याध्यापकांचा फोन जाळ्यात येतो, राउटरला १२० रिकामा दिसतो, तो देऊन टाकतो. मग कारकून प्रिंटर चालू करतात आणि एका पत्त्यावर दोन यंत्रं उभी राहतात. छापायला दिलेला दाखला कधी निघतो, कधी नाही. प्रिंटर दुरुस्तीवाला येतो, शाई तपासतो, केबल बदलतो, बिल देतो. ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ नावाच्या या भानगडीचा प्रिंटरशी काहीही संबंध नसतो.

जाळं सांभाळणाऱ्यांची शिस्त याच अनुभवातून आली आहे. पट्ट्याचे भाग पाडायचे : १ ते २० राउटर आणि स्विचसाठी, २१ ते ५० प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी, १०० च्या पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. कोणता पत्ता कोणत्या यंत्राला, ते कुठल्या खोलीत आहे, कुणी बसवलं, कधी, हे सगळं लिहून ठेवायचं. एमएस-सीआयटीच्या वीस संगणकांच्या वर्गाला शंभर पानी वही पुरते. कारखाना किंवा महाविद्यालय असेल तर एक्सेलची शीट चालते, जोपर्यंत तिच्या तीन प्रती तीन जणांकडे होत नाहीत तोपर्यंत. त्यापुढे यासाठीच लिहिलेली सॉफ्टवेअरं आहेत. नेटबॉक्स आणि पीएचपीआयपीॲम ही दोन तर मोफत मिळतात. पण सॉफ्टवेअर बसवूनही जुनं हजेरी यंत्र भंगारात गेल्याची नोंद कुणी केली नाही, तर तो पत्ता वर्षानुवर्षं मेलेल्या यंत्राच्या नावावर राहतो.

हे झालं एका छपराखालचं. छपराबाहेरचे पत्ते साऱ्या जगात एकमेव असावे लागतात आणि तिथली टंचाई लॉजच्या टंचाईहून कितीतरी जुनी आहे.

आज चालणारी पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही४, सप्टेंबर १९८१ मध्ये पक्की झाली. पत्त्यासाठी ३२ बिट ठेवायचे हे संगणकशास्त्रज्ञ व्हिंट सर्फ यांनी १९७७ मध्ये ठरवलं होतं, तेही प्रयोग म्हणून. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते बसतात. जगाची १९८१ मधली लोकसंख्याही त्याहून थोडी जास्तच होती, पण प्रत्येकाच्या खिशात संगणक येईल असं गृहीत धरायला कुणी तयार नव्हतं. कुणाला कोणते आकडे दिले याची यादी कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल हे संशोधक ठेवत. त्या काळात मागेल त्याला सढळ हाताने वाटप झालं. ॲपल, फोर्ड मोटर आणि एमआयटी ही संस्था, प्रत्येकाला १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्त्यांचा एकेक अख्खा गठ्ठा मिळाला. भारतातल्या शिक्षणसंस्थांना जोडण्यासाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेटच्या वाट्याला १४४.१६ ने सुरू होणारा गठ्ठा आला. त्यात ६५,५३६ पत्ते. आरंभीच्या या भारतीय जाळ्यात मुंबईतल्या जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा होता. परदेशाशी जोडणारी सुरुवातीची दूरध्वनी-वाहिनी तिथूनच निघत होती. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलकडून. उशिरा पंगतीला बसलेल्याच्या पानात जे पडतं तेच भारताच्या पानात पडलं. आज देशाच्या नावावर जुन्या पद्धतीचे पत्ते चार कोटींच्या आसपास आहेत, आणि दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ मध्ये इंटरनेटचे ग्राहक होते ९५ कोटींहून जास्त.

जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच खंडीय नोंदणी संस्थांना एकेक करून वाटले गेले. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला आला तो १०३ ने सुरू होणारा. तालुक्याच्या गावात गेल्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिलेल्या केबल इंटरनेटवाल्यांचे बाहेरचे पत्ते पाहिले तर त्यांतले पुष्कळसे १०३ नेच सुरू होतात, त्याचं कारण हे. तो पहिला आकडा म्हणजे तळ गाठलेल्या कणगीतला शेवटचा दाणा. ब्रिस्बेनची एपनिक ही संस्था हा गठ्ठा रेशनवर देते. आधी प्रत्येक संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९ पासून नव्याने येणाऱ्याला ५१२ च्या वर मिळत नाहीत. भारतात हे वाटप २०१२ पासून आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी पाहते. ती ‘निक्सी’ या संस्थेचा भाग आहे.

रेशन आलं की खुला बाजारही येतो. २०११ मध्येच नॉर्टेल ही दिवाळखोरीत निघालेली कॅनडाची कंपनी आपले ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टला ७५ लाख डॉलरना विकून गेली. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन आपल्या क्लाउडच्या ग्राहकांकडून प्रत्येक जाहीर पत्त्यासाठी ताशी अर्धा सेंट घेते, म्हणजे वर्षाला जवळपास ४४ डॉलर. एका आकड्याचं भाडं.

पाचशे बारा पत्ते हातात आणि ग्राहक पाच हजार, तर केबलवाला काय करतो? लॉजचा राउटर करतो तेच, मोठ्या प्रमाणावर. ग्राहकांना आतले पत्ते देतो, अनेकदा १००.६४ पासून सुरू होणाऱ्या, २०१२ मध्ये खास यासाठी राखलेल्या पट्ट्यातले, आणि पन्नास-शंभर घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतो. कोणतं उत्तर कुणाच्या घरी परतवायचं याचा हिशेब त्याचं यंत्र ‘पोर्ट’ नावाच्या उपक्रमांकांवरून ठेवतं. व्हिडिओ पाहणाऱ्याला यात काही जाणवत नाही. जाणवतं ते मोरगावजवळच्या गोठ्यात कॅमेरे लावून पुण्याहून मोबाइलवर गाई पाहू इच्छिणाऱ्याला. त्याच्या डीव्हीआरला बाहेरून हाक मारायला पत्ताच नाही. हाक शंभर घरांच्या सामायिक दारावर थबकते. मग ‘स्टॅटिक आयपी घ्या, वर्षाचे वेगळे पैसे पडतील’ असं ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत गाई पाहाव्या लागतात. आपल्याच गोठ्यातलं चित्र कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येतं, याची बहुतेकांना कल्पनाही नसते.

सामायिक पत्त्याचा दुसरा परिणाम याहून गंभीर आहे, आणि पुणे जिल्ह्याने त्याचं जुनं रूप पाहिलं आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांच्या सायबर विभागाने बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची अवहेलना करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पोलिसांना मिळाला होता. तो पत्ता त्या वेळी कुणाकडे होता, असं दूरसंचार कंपनीला विचारलं गेलं आणि कंपनीने जे नाव दिलं ते चुकीचं होतं. निरपराध माणसाने येरवड्याच्या तुरुंगात ५० दिवस काढले.

पत्ता मुदतीवर दिला जातो, तेव्हा ‘हा पत्ता कुणाचा’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. ‘अमुक दिवशी, अमुक मिनिटाला कुणाचा’ असं विचारावं लागतं. परदेशी सर्व्हर बहुधा जागतिक वेळेत नोंद करतात; भारतीय घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एवढा फरक नोंदी जुळवताना सुटला तर पत्ता तोच आणि माणूस भलताच. आता एका पत्त्यामागे एकाच मिनिटाला शंभर घरं असतात, तेव्हा वेळही पुरत नाही, पोर्टचा क्रमांकही लागतो. सर्व्हरवाल्यांनी तो नोंदवावा, अशी शिफारस इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी जून २०११ मध्येच केली होती.

नियम मागाहून आले. डिसेंबर २०२१ मधल्या परवाना-दुरुस्तीनुसार इंटरनेट सेवा देणाऱ्यांना अशा नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांच्या नोंदी बंधनकारक केल्या, क्लाउड आणि व्हीपीएन देणाऱ्यांना ग्राहकाला दिलेल्या पत्त्यांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि सगळ्यांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घ्या, असंही बजावलं. व्हीपीएन कंपन्यांनी यावर बरीच आरडाओरड केली आणि खासगीपणाचा त्यांचा मुद्दा निकाली निघाला आहे असंही म्हणता येत नाही. घड्याळाच्या कलमावर मात्र वाद घालण्यासारखं काही नाही. पाहुण्यांना खुला वाय-फाय देणाऱ्या लॉजवाल्यालाही यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्या प्रत्येक पाहुण्याचा पत्ता त्याच्याच कनेक्शनचा दिसतो.

टंचाईवरचा खरा इलाज १९९५ पासून कागदावर आहे. आयपीव्ही६ मध्ये पत्त्याला १२८ बिट मिळतात आणि एकूण संख्या होते ३४ वर ३७ शून्यं. अनेक वर्षं हा इलाज परिषदांमधल्या भाषणांपुरताच राहिला. केंद्र सरकारचा पहिला आराखडा २०१० चा, दुसरा २०१३ चा. दोन्हींतल्या तारखा पुढे सरकत गेल्या. गाडं हललं ते ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची मोबाइल सेवा सुरू झाल्यानंतर. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या जिओने सुरुवातीपासूनच आयपीव्ही६ वर जाळं उभारलं, कारण कोट्यवधी नव्या ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्ते विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. बाकीच्या कंपन्यांना तिच्या मागोमाग जावं लागलं. एपनिकच्या मोजमापात आज भारतातले ७० टक्क्यांहून जास्त वापरकर्ते आयपीव्ही६ वर आहेत, आणि मोठ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत बसतो. मोरगावच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकाने फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ उघडून पाहिलं, तर जिओचा पत्ता २४०९ ने आणि एअरटेलचा बहुधा २४०१ ने सुरू झालेला सापडेल. त्याच माणसाचा लॉजमधला वाय-फाय अजून १९२.१६८ वरच असतो.

असं का, याचं उत्तर सरळ आहे. मोबाइल कंपनीला टंचाई रोज बोचते. लॉज, शाळा, पतसंस्था यांना वर्षातून दोनदा. बसवून चाललेलं जाळं उगाच कोण छेडेल? शिवाय नव्या पद्धतीत सवयी बदलाव्या लागतात. एका घराच्या जाळ्याला साधारण जेवढा पट्टा मिळतो त्यात सगळ्या जुन्या इंटरनेटच्या ४२९ कोटी पट पत्ते असतात. फोन स्वतःचा पत्ता स्वतः बनवतो आणि माग लागू नये म्हणून साधारण दिवसागणिक नवा घेतो. प्रत्येक पत्त्यापुढे यंत्राचं नाव लिहिण्याची वही इथे कामाची नाही. नोंद ठेवायची ती पट्ट्यांची.

शेतीतल्या नव्या प्रयोगांनाही याचा उपयोग होऊ शकतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ऊस आणि इतर पिकांसाठी हवामान केंद्र, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहचित्रं एकत्र करून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने सल्ला देण्याचं काम मायक्रोसॉफ्टच्या साथीने सुरू आहे. मातीतल्या प्रत्येक सेन्सरला जगजाहीर पत्ता लागतो असं नाही. पुष्कळदा बांधावरची एकच पेटी सगळ्यांच्या वतीने बोलते. पण पेट्या वाढल्या की त्यांचेही पत्ते कुठूनतरी यावे लागतात.

नव्या पट्ट्यांचं नियोजन कसं दिसेल, याचा अंदाज पुणे जिल्ह्यापुरता करून पाहता येतो. जिल्ह्यात ग्रामपंचायती चौदाशेच्या आसपास. एखाद्या संस्थेला सहज मिळणाऱ्या आयपीव्ही६ च्या एका पट्ट्यात ६५,५३६ स्वतंत्र जाळी बसतात. प्रत्येक ग्रामपंचायतीला सोळा जाळी दिली, एक कार्यालयाला, एक शाळेला, एक आरोग्य उपकेंद्राला, एक कॅमेऱ्यांना, एक यात्रेच्या दिवशी उघडायच्या पाहुण्यांच्या वाय-फायला आणि बाकीची पुढच्यासाठी, तर लागतात साधारण २२,४००. एकाच पट्ट्यातली जवळजवळ दोन तृतीयांश जाळी त्यानंतरही शिल्लक राहतात.